दावेकाका आणि बरे झालेले लोक

हॅम्बर्गच्या आमच्या मंडळाच्या गणपतीत एकदा पाटणकरवहिनी सांडलेल्या तुपावरून घसरून पडल्या. कोणी पाणी आणायला धावलं, कोणी खुर्ची. दावेकाका जागचे हलले नाहीत. त्यांनी शांतपणे विचारलं, "पडताना पाहिलं कोणी? दोन साक्षीदार लागतील." वहिनींनी जमिनीवरूनच त्यांच्याकडे ज्या नजरेने पाहिलं, तिला मात्र पन्नास तरी साक्षीदार होते.

काकांचं खरं नाव मंडळाच्या वर्गणीच्या यादीत होतं, बाकी कुठे कोणी वापरत नसे. ते एका विमा कंपनीच्या हॅम्बर्गमधल्या कचेरीत अपघातांचे दावे तपासायचे. इराकमध्ये लढाई चालू होती ती वर्षं. लढायला अमेरिकन सैनिक होते. त्यांना जेवू घालायला, त्यांचे कपडे धुवायला आणि तुंबलेले संडास मोकळे करायला कंत्राटदारांनी जगभरातून माणसं नेली होती. अमेरिकेचा कायदाच आहे, की सरकारी कंत्राटावर परदेशात नेलेल्या प्रत्येकाचा अपघात विमा मालकाने उतरवायचा, मग तो माणूस टेक्ससचा असो की कुडाळचा. चूक कोणाची, हेसुद्धा हा कायदा विचारत नाही. कायदा फार उदार. एवढा उदार कायदा कोणी खरोखरच वापरू नये, हे पाहायला काकांची नेमणूक झाली होती.

मी त्याच कचेरीत पुण्याहून आलेला सॉफ्टवेअरवाला. डॉक्टरांच्या अहवालात लागोपाठ तीनदा 'तक्रार नाही' अशी नोंद झाली की फाईलसमोर हिरवा दिवा लागायचा आणि 'बंद करा' अशी सूचना यायची. तो दिवा माझी कल्पना. त्याबद्दल मला सगळ्यांच्या टाळ्या आणि केक मिळाला होता.

"कागदावर नाही ते झालंच नाही," हे काकांचं ब्रीद. घरी काकूंचा गुडघा दुखायला लागला तेव्हा कधीपासून, कुठे, काय करताना, हे सगळं त्यांनी लिहून घेतलं, कागदाला भोकं पाडून तो ऑर्डनरमध्ये, म्हणजे जाडजूड जर्मन फायलीत लावला आणि मग बाम शोधायला उठले. काकू ओरडल्या, "अहो, बाम आधी!" "आल्झो, म्हणजे कसं, आधी नोंद," काका म्हणाले, "मग माया." काकूंच्या नशिबाने तो ऑर्डनर अजून अर्धा रिकामा होता.

काका दुष्ट होते असं मात्र मला कधी वाटलं नाही. दुष्टपणाला थोडी कल्पनाशक्ती लागते. काकांचा कागदावर विश्वास होता, इतकंच. डॉक्टर लिहितात ते खरं, कारण डॉक्टर कशाला खोटं लिहितील? आणि डॉक्टर खोटं लिहीतही नव्हते.

सदानंदची फाईल आली ती हिरवा दिवा घेऊनच. सदानंद कुडाळचा, छावणीच्या भटारखान्यातला आचारी. तोफगोळ्यांचा भोंगा वाजला म्हणून आडोशाला पळताना लोखंडी दारात त्याचा उजवा हात सापडला. दोन शस्त्रक्रियांसाठी त्याला हॅम्बर्गच्या इस्पितळात आणलं होतं. तिन्ही अहवालांत एकच सूर: रुग्ण म्हणतो, दुखत नाही, रुग्ण म्हणतो, हात ठीक आहे. आता 'मी पूर्ण बरा आहे' या कागदावर त्याची सही घेतली की उपचार बंद, भरपाई बंद, आणि सदानंद विमानात. मराठी माणूस म्हणून काका गेले आणि साक्षीदार म्हणून मला नेलं.

सदानंद आम्हाला बघून पलंगावरून उठून उभाच राहिला. साहेब लोक पावसातून आले म्हणून त्यालाच ओशाळल्यासारखं झालं. काकांनी कागद पुढे केला, कुठे सही करायची ते दाखवलं, पेन दिलं. सदानंदने पेन डाव्या हातात घेतलं, उलटंसुलटं केलं आणि विचारलं, "साहेब, अंगठा चालात?"

"अंगठा? दहावी पास लिहिलंय इथे."

"पास आसंय, साहेब. पन पेन धरूक येना नाय."

काका त्याच्या उजव्या हाताकडे बघत राहिले. ती बोटं वळतच नव्हती. "मग डॉक्टरांना काय सांगितलंत?"

"ओके सर म्हटलंय. एवढो मोठो मानूस, रोज येऊन इचारता. दुखता म्हणून कसा सांगूचा? त्यांका वाईट वाटात."

मला माझा केक आठवला.

दुसऱ्या कोणी तो कागद फाडला असता. काका कसले फाडतात! त्यांनी खाली सहीच्या जागी नीट अक्षरात लिहिलं: 'हात बरा असल्याच्या निवेदनावर सही करण्यासाठी दावेदाराला हातात पेन धरता आलं नाही.' स्वतः सही केली, माझी घेतली, तारीख घातली. पुढच्या तपासणीला ते दुभाषे म्हणून स्वतः जाऊन बसले. आत जाण्यापूर्वी सदानंदला दम भरला, "आज लग्नातल्या जावयासारखी कुरकुर करायची. भीड ठेवलीत तर मी निघून जाईन." डॉक्टरांनी विचारलं तेव्हा सदानंद कसाबसा "थोडा" म्हणाला. काकांनी त्या 'थोडा'ची तासभर उलटतपासणी केली. रात्री झोप लागते का, बटण लावता येतं का, भात कोण कालवून देतं. शेवटी सदानंद लहान मुलासारखा रडला, आणि डॉक्टरांनी पहिल्यांदा दोन पानं लिहिली. सदानंदचे उपचार आणि भरपाई दोन्ही चालू राहिली. हिरवा दिवा मी त्याच आठवड्यात काढून टाकला.

मला वाटलं, संपलं. पण काका दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडता बसले होते. म्हणाले, "अरे, आपल्याकडची किती माणसं 'ओके सर' म्हणाली असतील? आणि मी किती फायली बंद केल्या?"

त्यांनी त्या फायली बाहेर काढल्या. आमच्या विभागप्रमुख बाई म्हणाल्या, "गेनाऊ, अगदी बरोबर, पण बंद म्हणजे बंद." बाईंचंही खरं होतं, बहुतेकांची मुदत केव्हाच उलटली होती. मुदतीत बसणाऱ्या दोन फायली काकांनी भांडून उघडायला लावल्या. उरलेल्या माणसांना ते स्वतःच्या खर्चाने, रोज त्याच सुट्टीत फोन करू लागले. मी म्हटलं, "काका, त्यांना आता देणार काय तुम्ही?" ते म्हणाले, "काही नाही. पण एकदा मराठीत विचारायला हवं होतं, ते विचारतो."

काका जाऊन आता बरीच वर्षं झाली. मी त्यांची आयुष्यभर टिंगल केली आणि माझं त्यांच्यावर फार प्रेम होतं, हे त्यांना कधी सांगितलं नाही. आठवतो तो चिपळूणकडच्या एका प्लंबरला केलेला फोन. पाठीला मार लागलेला, फाईल बंद होऊन तीन वर्षं झालेली. मी शेजारीच होतो. काकांनी नाव सांगितलं, विमा कंपनीचा माणूस असल्याचं सांगितलं. पलीकडून बायकोचा आवाज आला, "थांबा हां, उठवून बसवते त्यांना. एकट्यानं बसता येत नाही." मग बराच वेळ नुसती खाट करकरत राहिली. शेवटी तो माणूस फोनवर आला. त्याला धाप लागली होती.

"नमस्कार साहेब," तो म्हणाला. "मी एकदम बरा आहे. तुम्ही कसे आहात?"