नाना हरकत आणि बंदरावरची सुईण

नानांनी एकदा शोकप्रस्तावालाही हरकत घेतली होती. म्युनिसिपालिटीचे एक माजी अध्यक्ष वारलेले, सगळे सभासद माना खाली घालून उभे, आणि नाना म्हणतात, "कैलासवासी परोपकारी होते असं ठरावात लिहिलंय. पुरावा काय?" सभा तहकूब झाली. कैलासवासींना सद्गती मिळाली असेल, पण त्यांचा ठराव मधेच लटकला. तेव्हापासून गाव त्यांना 'नाना हरकत' म्हणू लागलं.

गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं, बंदराचं. नाव सांगत नाही. तेव्हाच्या सभासदांची नातवंडं हयात आहेत, आणि आमच्याकडे माणूस एक वेळ जेवण सोडील, पण कोर्ट सोडणार नाही. मी तिथे सरकारनियुक्त सभासद होतो. म्हणजे मला बोलायला बंदी नव्हती, पण मी बोलावं अशी कुणाची अपेक्षाही नव्हती. माझी खुर्ची नानांच्या शेजारी. त्यांच्या अंगात कळकट कोट, डोक्याला रुमाल, गालात विडा. नाना पान थुंकायला उठले तरी अध्यक्ष रावसाहेब दचकायचे.

रावसाहेबांच्या पक्षाने नानांवर एक सोपा तोडगा काढला होता. नानांचा हात वर गेला की आपले खाली ठेवायचे. विषय काय आहे ते वाचायची तसदी नको. कुणाला डुलकी लागलीच, तर शेजारचा कोपराने ढोसून सांगे, "नाना बोलला रे, आपण विरोधात."

मग मंदी आली. मुंबईच्या गिरण्यांतली माणसं आगबोटीने परत यायला लागली, आंब्याला गिऱ्हाईक उरलं नाही, आणि घरपट्टी कोण भरतो! म्युनिसिपालिटीला काटकसरीचा झटका आला. चांदण्या रात्री रस्त्यावरचे कंदील लावायचे नाहीत असं ठरलं. चंद्र ढगाआड गेला तर त्याला म्युनिसिपालिटी जबाबदार नाही, हेही ठरलं. सभेचा चहा बंद करावा की नाही, यावर मात्र अख्खी दुपार गेली. "चहा नसेल तर सभासद यायचे नाहीत," रावसाहेब म्हणाले. "मग तर गावाचा दुहेरी फायदा," नाना म्हणाले. चहा राहिला.

चहा राहिला, तेव्हा दुसरं काहीतरी जायलाच हवं. पुढच्या सभेत रावसाहेबांच्या पक्षाचा ठराव आला, की बंदरावरची सुईण कमी करावी. ही बाई विधवा, मुंबईला शिकून आलेली. मासे मारणाऱ्या खारव्यांच्या न् दालद्यांच्या बायका अडल्या की त्यांना तिच्यावाचून कोणी नव्हतं. नानांची थोरली लेक पहिल्या बाळंतपणातच गेली होती. तेव्हा गावात अशी बाई नव्हती. नाना त्याबद्दल कधी बोलत नसत, आणि आम्हीही काढत नसू.

विषय निघाला तसं मी मनात म्हटलं, आता तोफ सुटणार. सुटली, पण भलतीकडेच. रावसाहेबांचा माणूस उठायच्या आत नाना उठले. "सुईण हवी कशाला? आमच्या आज्यांना काय म्युनिसिपालिटीने बाळंत केलं? ठराव मी मांडतो. काढा त्या बाईला, आजच्या आज काढा!"

रावसाहेबांचा पक्ष बावचळला. ठराव त्यांचाच, पण नानांच्या बाजूने वर जाईल असा हात देवाने त्यांना दिलाच नव्हता. शेवटी रावसाहेब स्वतः उठले आणि मातृत्वावर असे काही बोलले की त्यांचं त्यांनाच रडू आलं. ठराव पडला. बाजूने एकट्या नानांचा हात वर. दुसऱ्या हाताने त्यांनी माझ्या मांडीला चिमटा काढला होता, कारण मला हसू आवरत नव्हतं.

"नाना, लोकांना खरं सांगा तरी!" घरी जाताना मी म्हटलं.

"शहाणाच आहेस! मंदी काय यंदाच संपत्ये? पुढल्या साली हाच ठराव येईल. तेव्हा काय तुझ्या आजोबाला उभा करू?"

आलाच. पुढल्या साली नानांनी बाईला आणखी वाईट शब्दांत काढायला सांगितलं, आणि रावसाहेब आणखी चांगले रडले.

बंदरावरची माणसं मात्र नानांना बघून तोंड फिरवायला लागली. एकदा आम्ही दोघं धक्क्याकडे निघालो होतो, तर ती सुईणबाईच वाटेत आडवी आली. "नाना, मी तुमचं काय वाकडं केलंय? तुमच्या पोटी लेक असती, तर कळलं असतं तुम्हाला."

मी तोंड उघडलं. नानांनी माझा दंड आवळला. "खरं आहे, बाई," एवढंच म्हणाले आणि चालू लागले. मला भर रस्त्यात रडू आलं, लपवत नाही.

पुढच्या निवडणुकीत नाना सपाटून आपटले. बंदराने त्यांना एक मत दिलं नाही. रावसाहेबांची, सुईणीचे तारणहार म्हणून, ताशे वाजवत मिरवणूक निघाली. आणि नव्या मंडळाच्या पहिल्याच सभेत तारणहारांनी तोच ठराव पुन्हा आणला!

नाना नव्हते, पण त्यांची युक्ती मला पाठ होती. मी छाती काढून उठलो. "सुईण काढावी. ठराव मी मांडतो!"

रावसाहेबांनी माझ्याकडे मोठ्या प्रेमाने पाहिलं. "वा वा! आमचे मितभाषी मित्र आज बोलले. त्यांचा शब्द कसा मोडायचा?" झालं! एकजात सगळे हात वर गेले. मी खाली बसेपर्यंत ठराव मंजूर होऊन चहा आला होता.

तसाच उठून नानांकडे गेलो. ते ओटीवर सुपारी कातरत बसले होते. सगळं ऐकून घेतलं.

"गावात तुझं कुणाशी वैर आहे?"

"नाही, नाना."

"कधी कुणाशी भांडलास?"

"नाही."

"मग तुला विरोध कोण करणार, मेल्या?"

मला वाटलं, आता शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी अडकित्ता खाली ठेवला आणि हळू आवाजात म्हणाले, "बंदरावर दोघीतिघींचे दिवस भरत आलेत. त्यांनी आता कुणाला हाक मारायची, तेवढं सांग."