बरगड्यांची दोन मापं

हे मी घरात कुणाला सांगितलेलं नाही. चर्चमध्ये कन्फेशनला गेले तरी एवढं सोडून बाकी सगळं सांगायची.

मस्कतजवळ अल खौदला युनिव्हर्सिटीच्या रस्त्यावर आमचं टेलरिंगचं दुकान आहे. अबाया, शाळेचे युनिफॉर्म, पदवीदानाचे झगे. एका हिवाळ्यात मस्कतच्या एका हॉटेलात इटलीची ऑपेरा मंडळी दोन प्रयोग करायला आली. त्यांना बायकांचे कपडे अंगावर बसवून देणारी बाई हवी होती. अर्बाबने, म्हणजे दुकानाच्या मालकाने, मला पाठवलं, आणि इस्त्रीला चाचा. चाचा रत्नागिरीकडचे, दुकानात सगळ्यांत जुने.

मुख्य गायिका माझ्याच वयाची, पन्नाशीला टेकलेली. पहिल्याच दिवशी तिने माझ्या हातातली टेप धरली. गाणाऱ्याची दोन मापं घ्यायची, म्हणाली, एक श्वास सोडून आणि एक भरून. झगा भरलेल्या मापाचा. तिच्या दोन मापांत सात सेंटिमीटरचं अंतर होतं. वसईला आईच्या हाताखाली लग्नाचे इतके गाऊन शिवले, पण हे मला ठाऊक नव्हतं.

हात आडवे धरून उभी असताना ती मोडक्या इंग्लिशमध्ये बोलायची. बाप मासळीबाजारात बर्फ फोडायचा. चर्चच्या कॉयरमध्ये पाद्र्याने तिचा आवाज हेरला. पुढे कितीतरी वर्षं ती कोरसमध्ये मागच्या रांगेत उभी राहिली. मुख्य भूमिका मिळाल्या चाळिशीत, आणि थोड्याच वर्षांत न्यूमोनियाने गाठलं. डॉक्टर म्हणत होते बरी झालीस, तिचा विश्वास बसत नव्हता. शेवटच्या अंकात एक लांबलचक ओळ होती. मस्कतच्या दोन्ही प्रयोगांत ती एका श्वासात झाली तर पुढच्या वर्षीची कामं घ्यायची, नाहीतर गाणं बंद. हे तिने मला सांगितलं होतं, मंडळीत कुणाला नाही.

गुरुवारी ओळ झाली. आत येऊन तिने माझे दोन्ही हात दाबले.

शुक्रवारी सकाळी दिग्दर्शकाचा असिस्टंट प्रयोगाचे फोटो घेऊन आला. बाई जाड दिसते, झगा बरगड्यांपासून कमरेपर्यंत आत घे, तिला सांगू नकोस, उगाच रडारड नको. मी अर्बाबला फोन केला. ते सांगतात तसं कर, खलास, म्हणाला. माझा व्हिसा त्याच महिन्यात रिन्यूला होता. पण त्यासाठी केलं म्हटलं तर तेही खोटंच होईल. मला नाही म्हणायची सवयच नव्हती.

चाचा इस्त्री उभी करून बघत होते. "थोडी तरी जागा ठेव गो, बाय. ती गानार हाय, नुसती फोटोला उभी नाय ऱ्हानार."

मी चार सेंटिमीटर आत घेतले.

शनिवारी दुपारी हुक लावताना ती म्हणाली, आज घट्ट वाटतंय. इथल्या दमट हवेने अंग फुगतं, मी म्हटलं. आणि तुमच्या बिर्याणीने, असं म्हणून ती हसली.

मी पडद्याच्या आड उभी राहून ऐकत होते. ती ओळ मध्येच तुटली. तिने श्वास घेतला आणि उरलेली गायली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, कुणाला काही कळलं नाही.

खोलीत ती माझ्याकडे पाठ करून उभी राहिली. हुक सोडले तर बरगड्यांवर लाल वळ.

"झग्याला कुणी हात लावला?"

"नाही, मॅडम."

"मग मीच," ती म्हणाली आणि खुर्चीवर बसली.

तेव्हाच बोलायला हवं होतं. मी झगा हँगरला लावला. संध्याकाळी टाके उसवून तो पुन्हा होता तसा केला. चाचांनी त्यावर इस्त्री फिरवली, तशी टाक्यांची भोकंही दिसेनाशी झाली.

तिने गाणं सोडलं. आपल्या गावात मुलांना शिकवते, हे तिच्याच कार्डांवरून कळलं. दर नाताळला दुकानाच्या पत्त्यावर एक यायचं, 'माझं माप नीट घेणाऱ्या बाईला' म्हणून. मी ती मशीनच्या खणात पालथी घालून ठेवायची.

गेल्या वर्षी चाचा कायमचे गावी गेले. निघताना दारात थांबून त्यांनी विचारलं, "तिला सांगितलंस काय गो?" मी नाही म्हणून मान हलवली. ते बॅग उचलून गेले.

त्या आठवड्यात मी पत्र लिहिलं. मुलीकडून इंग्लिश सुधारून घेता आलं असतं, पण मग मुलीला ते वाचावं लागलं असतं. जमेल तसं सगळं लिहिलं आणि पाठवून दिलं.

महिन्याभराने उत्तर आलं. एवढंच: "किती सेंटिमीटर?"

मापांची वही काढावी लागली नाही. चार, असं लिहून पाठवलं.

या डिसेंबरला कार्ड आलं नाही.