गाडीला जागा मिळाली

भालकीहून गुलबर्ग्याला बदली झाली, तेव्हा आमची गाडी जेमतेम महिन्याची होती. नाव आता कलबुर्गी झालं असलं, तरी आमच्या तोंडून गुलबर्गाच निघतं. बायकोला स्वयंपाकघर मोठं हवं होतं आणि मला पार्किंग.

पहिल्या घरमालकानं समोरचा रस्ताच दाखवला. "लावा की कुठं बी. रस्ता काय, आपलाच हाय."

दुसऱ्या घराचं फाटक अरुंद होतं. "आरसे मिटा की सर," म्हणून मालकांनी धीर दिला. आरसे मिटले, गाडी आत गेली. मग दोन्ही बाजूंचे दरवाजे उघडेनात. मी मागच्या सीटवरून डिकीतून बाहेर आलो. मालक म्हणाले, "जमलं की!"

तिसऱ्या घरी मात्र ऐसपैस अंगण, शहाबादी फरशी, भलंमोठं फाटक. मालक आळंदकडचे शेतकरी. त्यांना सगळे अण्णा म्हणत आणि त्यांच्या बायकोला अक्का. स्वयंपाकघरात दोन माणसं उभी राहिली तर एकाला भिंतीला टेकावं लागे, पण मी तिकडं फिरकलोच नाही. अंगण बघूनच हो म्हणालो.

पहिल्या सकाळी कॉलेजला निघालो. फाटकात या टोकापासून त्या टोकापर्यंत ठिपक्यांची रांगोळी, आणि बाजूला अक्का बसलेल्या.

"सर, रांगोळीवरून गाडी न्यायलाव व्हय?"

"मंग कुठून नेऊ, अक्का?"

"कामून घाई करायलाव? दुपारपस्तोर ऱ्हाऊ द्या की."

मी ऑटोनं गेलो. दुसऱ्या दिवशीही, आणि पुढंही. गाडी सावलीत, सुरक्षित, धूळसुद्धा नाही. उन्हाळा लागला तसं अक्कांनी तिच्या टपावर जुनं धोतर अंथरून सांडगे वाळत घातले. "तुमची गाडी लई कामाची हाय," असं त्या मनापासून म्हणाल्या. बायको हसली आणि भिंतीला टेकून पोळ्या लाटत राहिली.

एका सकाळी अण्णांचा फोन वाजला. त्यांची मुलगी निंबर्ग्याला दिलेली. ती आळंदच्या दवाखान्यात बाळंत झाली होती. मुलगी झाली, पण बाळंतिणीला रक्तस्राव फार, आईला बोलावतेय. अक्का रांगोळीचा डबा हातात घेऊन तशाच उठल्या आणि ताज्या रांगोळीवरून चालत गाडीपाशी आल्या.

"अक्का, रांगोळी..."

"रांगोळी घेऊन बसलाव व्हय? काढा गाडी!"

आळंदपर्यंत त्या कन्नडमध्ये देवाला कधी विनवत होत्या, कधी रागावत होत्या. मधेच मला, "ब्रेक कामून मारायलाव?" दवाखान्यात पोचलो तेव्हा रक्त थांबलं होतं. पोरगी पांढरीफटक पडलेली, पण आईला बघून हसली. अक्कांना डोळे पुसायला हात मोकळे हवे होते. त्यांनी नात सरळ माझ्या हातात दिली. इतकं हलकं काही मी कधी धरलं नव्हतं. गाडी घेतल्याचं त्या दिवशी पहिल्यांदा बरं वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून रांगोळी उंबऱ्याशी सरकली. फाटक मोकळं झालं. मुलगी बाळाला घेऊन माहेरी आली. आता नातीची इंजेक्शनं, बाजार, सोयऱ्यांची लग्नं, सगळीकडं गाडी जाते. अक्का पुढच्या सीटवर, अण्णा मागं, मी चालवायला.

कॉलेजला बहुतेक वेळा ऑटोच करावी लागते.