कपडे पिळणाऱ्या दोघी

मी माझ्या बायकोला अजिबात घाबरत नाही. मी घाबरतो ते तिच्या चित्राला.

सुनंदा पांढुर्ण्याच्या एका शाळेत चित्रकला शिकवते. लग्नात तिने जे सामान सोबत आणलं, त्यात एका जुन्या फ्रेंच चित्राची छापील प्रत होती. नदीकाठी दोन बाया कपडे पिळताहेत. त्यांना नाक नाही, डोळे नाहीत, नुसते रंगाचे फटकारे! याला इम्प्रेशनिस्ट म्हणतात आणि हात लावायचा नसतो, हे मला पहिल्याच दिवशी समजावण्यात आलं.

ती दोन दिवसांसाठी सौंसरला बहिणीकडे गेली आणि मला कोळ्यांची जाळी काढायची अवदसा आठवली. झाडूचा दांडा लागला, चित्र खाली, काच चक्काचूर. एक तुकडा कागदात घुसून बाईचा खांदा फाटला. सुनंदा दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या बसने येणार होती.

मी चित्र घेऊन फोटो स्टुडिओवाल्याकडे धावलो. गावात कोणी गेलं की त्याचा जुना, पुसट फोटो याच्याकडेच येतो. हा कॉम्प्युटरवर चेहरा नीट करून, फ्रेम करून देतो. मी धापा टाकत म्हणालो, उद्या दुपारपर्यंत पाहिजेच. त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि खांद्यावर हात ठेवला.

"हिंमत ठेवा भाऊ. सगळ्यायवर येते हे वेळ."

(याचंही लग्न झालेलं दिसतं, असं वाटून माझे डोळे भरून आले.)

दुसऱ्या दिवशी संध्याकाळ व्हायला आली तेव्हा त्याने फ्रेम पुढे ठेवली. दोघींना आता ठसठशीत नाकडोळे होते, कपाळावर रुपयाएवढं कुंकू होतं आणि डोक्यावर पदर. वरून चंदनाचा हार! खाली 'कै.' लिहून नावांसाठी जागा सोडलेली.

"फोटो लई खराब झाला होता भाऊ, चेहरेच गेले होते," तो म्हणाला. मूळ कागद कुठे आहे, विचारलं. तर फ्रेमला मजबुती म्हणून मागे डिंकाने चिकटवला होता.

ती फ्रेम काखेत मारून मी गल्लीत शिरलो आणि शेजारच्या शांताकाकूंना हार दिसला. त्यांनी काही न विचारता पदर डोळ्यांना लावला. अर्ध्या तासात माझ्या बैठकीत चार बाया, टेबलावर फ्रेम, पुढे उदबत्ती आणि पिठलं-भात. (दुःखाच्या घरी चूल पेटवत नाहीत ना!) भीतीने माझा चेहरा इतका उतरला होता, की शंकेला जागाच नव्हती. काकूंनी हळूच विचारलं, कोण होत्या? खरं सांगायची हीच वेळ होती. पण समोर वाफाळलेलं पिठलं पाहून जीभ वळेना.

"सुनंदाच्या मावश्या," मी म्हणालो. "दोघी."

आणि दारात सुनंदा.

काकूंनी तिला मिठीच मारली. "कशा गेल्या ओ बाई, दोघी सोबतच?"

सुनंदाने टेबलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी हात जोडले. तिने सगळ्यांसमोर भांडावं, चित्र माझ्या डोक्यात घालावं, असं मला मनापासून वाटलं. पण ती शांतपणे खाली बसली.

"नदीवर कपडे धुवाले गेल्या होत्या," ती म्हणाली. एका बाईला हुंदका आला. "त्याईले मूलबाळ नव्हतं, काकू. यांचा लई जीव होता त्याईच्यावर. केस मीच देतो म्हणून राहिले."

माझ्यासारखा जावई लाखात एक, असं म्हणत काकूंनी स्वतः चौकात जाऊन न्हाव्याला बोलावून आणलं. त्याने अंगणात पोतं अंथरून माझं डोकं भिजवलं आणि वस्तरा लावता लावता हळहळत त्या दोघींची नावं विचारली. मला ती माहीत नव्हती. पण रडू मात्र खरं आलं.