नानांचा नारळ

मंडळाच्या फलकावर मी एरवी सभेच्या सूचना लावतो. आज मात्र दुपारी घडलं ते लिहितोय, कारण घरात कुणाशी बोलायला तोंड उरलेलं नाही.

नवी गाडी घेऊन पाच महिने झाले. दसऱ्याला माझ्या वडिलांनी, नानांनी, बंपरवर नारळ फोडायला घेतला. तो निसटून मडगार्डवर आपटला आणि रंगाचा टवका उडाला. नानांनी त्यावरच हळदकुंकू वाहिलं. पूजेचं पुसायचं नसतं, म्हणून मीही हात लावला नाही. इथली, बंगालची दमट हवा माहीत असूनसुद्धा!

आज आमच्या इमारतीखाली भवानीपूरच्या रंगाऱ्यानं ते खरवडलं, तर खाली तळहाताएवढा गंज. "नव्या गाडीला इतक्यात?" त्यानं हिंदीत विचारलं.

माझं डोकं फिरलं. नाना बाजूलाच उभे होते, म्हणून मी बंगालीत बोललो, "म्हातारा नागपूरहून आलाय. दिसेल त्यावर नारळ फोडतो, भोगतो आम्ही." रंगारी हसला. मीही हसलो.

नाना वर घरी गेले.

चहाच्या वेळी बायको म्हणाली, "अहो, नाना रोज सकाळी खालच्या घोषबाबूंकडे बसतात ना, ते बंगाली शिकायला. आता चांगलं कळतं त्यांना. एक दिवस तुमच्याशी बोलून तुम्हाला चकित करणार होते."

मघाशी नानांनी मला एवढंच विचारलं, "नागपूरचं तिकीट कधीचं मिळेल रे?"

तुमच्यापैकी कुणी कधी वडिलांची माफी मागितली आहे का? मी कुठल्या भाषेत मागू?