खालाच्या अंगणातले शेवटचे वाफे

दुबईजवळ अजमानला आम्ही बारा वर्षं भाड्याने राहिलो, ते एका जुन्या बैठ्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत. पुढच्या भागात घरमालकीण राहायची. सत्तरी ओलांडलेली, विधवा. तिचे दोन मुलगे शारजात आपापल्या घरी, आणि हिच्या सोबतीला एक कामवाली बाई. मी तिला खाला म्हणायचे. आम्हा रत्नागिरीकडच्या मुसलमानांत आईच्या बहिणीला खाला म्हणतात आणि अरबीतही तेच, त्यामुळे पहिल्याच दिवशी नातं ठरून गेलं. तिला मोडकी हिंदी यायची, मला त्याहून मोडकी अरबी. तेवढ्यावर आमचं निभायचं.

दोन्ही भागांच्या मध्ये अंगण होतं. एक बोरीचं झाड, आणि भिंतीकडेला तीन वाफे. उन्हाळ्यात तिथे काही जगत नाही. सप्टेंबर निम्मा सरला की माती उकरायची, शेळीचं लेंडीखत मिसळायचं, बी टाकायचं आणि मार्च-एप्रिलपर्यंत खायचं. मी नवीन होते तेव्हा तिने मला एकदा कोथिंबिरीला भर दुपारी पाणी घालताना पाहिलं आणि हातातली झारी काढून घेतली. मग संध्याकाळी स्वतः उभी राहून कसं घालायचं ते दाखवलं. तेव्हापासून दर वर्षी हवा जरा उतरली की ती माझ्या दारावर काठी वाजवायची. "यल्ला, बिन्ती." चल, मुली. गुडघ्यांमुळे तिला खाली बसवत नसे. ती प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून काठीने मातीत रेघ ओढायची आणि मी त्या रेघेत बी सोडत जायचे.

शेवटच्या वर्षी, ऑगस्ट संपत आला होता, तिचा मोठा मुलगा जुम्म्याच्या नमाजानंतर आमच्याकडे आला. तो आमच्या घरात कधी बसला नव्हता. त्या दिवशी बसला, चहा घेतला. वडिलांमागे घर दोघा भावांच्या नावावर झालं होतं. ते पाडून तिथे बिल्डिंग उभी राहायची होती. ऑक्टोबरअखेर आम्ही खोल्या सोडायच्या. हे सगळं त्याने फार सभ्यपणे सांगितलं. मग म्हणाला, "मदर को अभी नहीं बताया. हार्ट का प्रॉब्लेम है. मेरे घर आ जाएगी, फिर धीरे धीरे बोलेंगे. आप लोग प्लीज कुछ मत बोलना."

माझा नवरा म्हणाला, "इन्शाल्ला, नहीं बोलेंगे." तो दुबईत देराला एका हार्डवेअरच्या दुकानात आहे, रोज बसने जाऊन-येऊन थकतो, त्याला कुणाच्या घरच्या भानगडीत पडायचं नव्हतं. मीही मान डोलावली. आमची मुलगी आतल्या खोलीत अभ्यास करत होती. तो गेल्यावर बाहेर आली.

"ममा, दिस इज राँग. जस्ट टेल हर."

"तिच्या मुलाचं काम आहे ते," मी म्हटलं.

तीन आठवड्यांनी दारावर काठी वाजली.

मी काहीतरी कारण सांगू शकले असते. पाठ दुखते, घरात पाहुणे आहेत. पण तिने बियांचा पत्र्याचा डबा मांडीवर घेतला होता, कामवालीने खताचं पोतं ओढून आणलं होतं. मी फावडं घेतलं. एका वाफ्यात मुळा, तिच्या आईपासून चालत आलेल्या बियांचा, आखूड आणि टोकाला बोथट. दुसऱ्यात जिरजीर, तो तिखटसर पाला ती माशाबरोबर कच्चाच खायची. तिसऱ्यात माझा लाल माठ, बी रत्नागिरीहून आणलेलं.

"इस साल टमाटर ज्यादा लगाना," ती म्हणाली. "पिछले साल कम पड गया."

टोमॅटोला फळ धरायला जानेवारी उजाडतो. मी खाली मान घालून कडेच्या ओळीत टोमॅटोचं बी टाकत राहिले.

"चुप क्यों है?"

"गरमी है, खाला."

"कहां गरमी," ती म्हणाली. "गरमी खलास."

चौथ्या दिवशी मुळा वर आला. तिने मला हाक मारून दाखवला, जसं काही मी पेरलाच नव्हता. खरं सांगायचं तर त्या दिवसांत मी फक्त तिच्या काळजासाठी गप्प नव्हते. सांगितलं असतं तर त्या क्षणापासून अंगण बंदच झालं असतं. ते आठवडे मला नेहमीसारखे हवे होते.

ऑक्टोबरच्या मध्यावर तिचा मोठा मुलगा गाडी घेऊन आला. घरातले पाइप बदलायचेत, धूळ होईल, दहा दिवस माझ्याकडे चल, असं त्याने तिला सांगितलं होतं. तिने एकच बॅग घेतली. गाडीत बसल्यावर काच खाली केली.

"मूली बीच बीच से निकालना. पास पास हो गया."

"हां, खाला."

"पानी असर के बाद."

"हां, खाला."

मुलगा समोर बघत होता, माझ्याकडे नाही.

त्यानंतर रोज असरच्या, म्हणजे दिवस कलतानाच्या नमाजानंतर तिचा फोन यायचा. मुळ्याला पाणी दिलं का, मांजर वाफ्यात लोळत नाही ना. मी खरं तेच सांगायचे, कारण पाणी मी खरंच देत होते.

महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी आम्ही वाफे आवरले. सोमवारी पाणी तोडणार होते. मुळे करंगळीएवढे झाले होते. मी एकेक उपटून माती झटकत होते आणि मुलगी पिशवीत भरत होती. जिरजीर कापून घेतला, माठ कोवळा होता, तो मुळासकट काढला. टोमॅटोची रोपं वीतभर झाली होती. ती शेजारच्या गल्लीतल्या एका मल्याळी बाईला दिली, तिच्याकडे गच्ची आहे. नवऱ्याने पाण्याची नळी गुंडाळली, काठ्या सोडवल्या. दुपारपर्यंत तिथे नुसती उकरलेली माती राहिली. रात्री मुळ्याच्या पाल्याची भाजी आणि तांदळाची भाकरी केली. मुलीने ताट सरकवून ठेवलं. मी जेवले. टाकवेना म्हणून जेवले.

त्या संध्याकाळीही फोन आला होता.

"पानी दिया?"

"दिया, खाला."

आम्ही अजमानलाच सहाव्या मजल्यावर फ्लॅट घेतला. फोन रोज येतच होता. पंधरा दिवसांनी खालाच म्हणाली: आता मुळा तयार झाला असेल, घेऊन ये. म्हणजे मुलाने अजून सांगितलं नव्हतं, पाइपचं कामच लांबवत ठेवलं होतं. मी भाजी मार्केटमध्ये जाऊन त्यातल्या त्यात आखूड मुळे निवडले, जुडीचा रबर काढला आणि शारजाला गेले. याची मला आजही लाज वाटते.

ती मोठ्या दिवाणखान्यात बसली होती. एक मुळा हातात घेतला, पाला चुरडून वास घेतला, परत ठेवला.

"ये मेरी मूली नहीं है."

मी जुडी परत पिशवीत घालायला लागले.

"घर है?"

"नहीं है, खाला. चारों तरफ पत्रा लगा है. बोर काट दिया."

तिने खिडकीकडे तोंड फिरवलं. बाहेर फरशी घातलेलं आवार होतं, त्यात दोन गाड्या.

"तुमको कब मालूम हुआ?"

"बीज डालने के पहले."

"पहले," ती म्हणाली. मग, "तो मूली क्यों लगाई?"

ती रागावली नाही, आवाजही चढला नाही. "बेटा है, उसको क्या बोलूं," ती म्हणाली. "तुम मेरे साथ मिट्टी में बैठती थी." मग कामवालीला हाक मारून आत नेऊन निजवायला सांगितलं. तिच्या काळजाला काही झालं नाही. ज्याच्या भीतीने आम्ही सगळे गप्प बसलो होतो, ते काहीच झालं नाही. फक्त असरनंतरचा फोन बंद झाला.

नंतर मी दोनदा गेले. पहिल्यांदा ती झोपली आहे असं कळलं. दुसऱ्यांदा, डिसेंबरात, भेटली. धुतलेला अबाया, हातात तसबीहची माळ. कामवालीने ट्रेमधून कावा, म्हणजे बिनदुधाची अरबी कॉफी आणली, खजूर आणले. खालाने माझ्या नवऱ्याची तब्येत विचारली, मुलीच्या परीक्षेचं विचारलं, गावी सगळे बरे आहेत का विचारलं. मी सगळ्याची उत्तरं दिली. माझा कप रिकामा झाला की कामवाली पुन्हा भरायची. अर्ध्या तासाने मी उठले, तशी तीही काठी टेकत उठली आणि पाहुण्याला सोडतात तशी मला दारापर्यंत सोडायला आली.