अर्ध्यावर तोडलेला धवळा

आत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी रोह्यात एका कार्यक्रमाआधी माइक तपासत होतो. गावाहून वहिनी बोलत होती. "भाऊजी, आत्या गेल्या. सकाळी चहा मागितला आन् घेतलाच नाय." मी माइक स्टँडला लावला आणि पहिला विचार मनात आला तो असा, की आता उरलेला धवळा गाणार कोण... माणूस गेल्याचं दुःख त्यानंतर आलं. हे लिहायला लाज वाटते. पण गेल्या पाच आठवड्यांत तिच्याबद्दल इतकं गोड गोड छापून आलंय, की निदान मी तरी खरं लिहावं. लोककलेचा वारसा हरपला म्हणून ज्यांनी गळा काढला, त्यांच्यातला एकही तिच्या ओटीवर कधी बसलेला नाही.

हिराबाई, माझी सख्खी आत्या, पेणच्या खाडीकाठच्या आमच्या आगरी गावातली धवळारीण. आमच्याकडे भटजी असो नसो, धवळारणीशिवाय लग्न लागत नसे. नवरी पाटावर बसली की ती शेजारी जमिनीवर बसायची, एक हात त्या पाटाच्या कडेला लावायची आणि नवरीचं नाव घेऊन धवळा सुरू करायची. हळद, तेल, बाशिंग, एकेक विधी त्या गाण्यातून पुढे सरकायचा. धवळा पुरा होईपर्यंत नवरीने पाट सोडायचा नाही आणि आत्याने जागा. मध्येच नवऱ्याच्या मामाने काही चुकवलं तर त्याला झापायची आणि सूर न सोडता पुढे जायची. एरवी मिठागरात राबणारी ही बाई, पण मांडवात तिच्यापुढे सरपंचही चप्पल काढून उभा राहायचा.

तिची एकुलती मुलगी चंद्रा. आम्ही तिला चंद्री म्हणायचो. माझ्याहून दोन वर्षांनी लहान. तिचं लग्न ठरलं तेव्हा आत्याने सुताराकडून फणसाच्या लाकडाचा नवा पाट करून घेतला होता. लग्नाला पंधरा दिवस उरले असताना चंद्री काविळीने गेली. पाट तसाच माळ्यावर गेला. आत्या त्याच हंगामात दुसऱ्यांच्या मुलींसाठी गायला बसली. तिच्या तोंडून चंद्रीचं नाव त्यानंतर आम्ही ऐकलं नव्हतं.

मी रोह्याच्या कंपनीत लागलो, पेणला रामवाडीत घर केलं आणि शिफ्ट सांभाळून कीबोर्ड वाजवू लागलो. खांब गावचे विठोबादादा शक्ती-तुऱ्याच्या नाचातले मृदंगवाले, पेणचा एक गिटारवाला मित्र आणि मी, अशी आमची चौकडी व्हायला एक माणूस कमी होता. आमच्या डोक्यात आलं, की धवळा घ्यायचा, त्याला शक्ती-तुऱ्याचा ठेका द्यायचा, खाली गिटार ठेवायची. आत्याला मी त्याच मित्राच्या गणपतीच्या कारखान्यात तालमीला आणलं. रांगेने मांडलेल्या मूर्तींकडे बघून ती म्हणाली, "यांचे डोले अजून लिवले नाय. मंजे चुकलो तरी कोनी बगनार नाय." आम्ही हसलो. मग तिने विचारलं, "नवरी कोन हाय?"

"नवरी नाय गो आत्या. कार्यक्रम हाय."

"मंग नाव कोनाचा घेव? नावाबिगर धवला लागत नाय."

"घे कोनाचाबी," मी म्हणालो.

मी आगऱ्याचा पोर. मांडवात वाढलेला. कोणाचंही नाव घेऊन धवळा लावत नाहीत हे मला ठाऊक होतं, आणि तरी मी ते म्हणालो. तालमीत तिने नावाच्या जागी नुसता सूर धरला. कार्यक्रमाच्या दिवशी मात्र रोह्याला आली ती जुन्या लुगड्यात गुंडाळलेला पाट काखेत घेऊन. रंगमंचावर रिकामा पाट छान दिसेल, एवढंच मला सुचलं.

पडदा वर गेला. विठोबादादांनी ठेका धरला. आत्याने पाटाच्या कडेला हात लावला आणि चंद्रीचं नाव घेतलं. आवाज तिथे फाटला. माझे हात कीबोर्डवर थिजायला हवे होते... मी मनात म्हणालो, काय जागा घेतली! चार मिनिटांनी ठरल्याप्रमाणे मी तिचा माइक बंद करायला लावला. टाळ्यांचा कडकडाट झाला, पडदा पडला आणि आत्या अंधारात गातच राहिली. पुढच्या कलाकारांची मांडामांड सुरू झाली होती. मी आणि गिटारवाल्याने तिला दंडाला धरून उठवलं. "हलवू नका रं," ती म्हणत होती, "पोर अजून पाटावर हाय."

त्या गाण्याचं रेकॉर्डिंग फोनाफोनांवर पसरलं. गावानेही ऐकलं. पुढच्या हंगामात तिच्या दारी आमंत्रणाचा नारळ घेऊन कोणी आलं नाही. मेलेल्या पोरीचा धवळा लावला, तोही अर्ध्यावर टाकला, असली बाई आमच्या मांडवात नको, असं लोक म्हणाले. जिने त्यांची लग्नं लावली, तिलाच त्यांनी अशुभ ठरवलं. आणि वर त्याच गावाच्या मांडवात स्पीकरवर तेच गाणं वाजू लागलं! विठोबादादांचा ठेका नाचायला बरा पडतो. नाव कोणाचं आहे हे नाचताना कोण ऐकतो?

आत्या मला शिव्या देईल असं वाटलं होतं. तिने एकदाही आवाज चढवला नाही. मी गेलो की एवढंच विचारायची, "बाला, बाकीचा धवला कवा भरून घेशील? पोर पाटावर हाय माजी." मी म्हणायचो, शिफ्ट बदलली की रेकॉर्ड करून घेऊ, पावसानंतर घेऊ. खरं कारण वेगळं होतं. पुढचा धवळा लांबलचक, एकाच चालीचा. त्यात टाळीची जागा नव्हती. तिने सात वर्षं विचारलं. मी सात वर्षं टाळलं. शेवटच्या भेटीत तिने विचारलं नाही, आणि मूर्खासारखा मी सुटकेचा निःश्वास टाकला.

दिवसकार्य झाल्यावर वहिनीने तो पाट माझ्याकडे दिला. घरात तो भिंतीला टेकून उभा आहे. त्यावर बसायला कोणी धजत नाही. परवा दुपारी मागच्या हॉलमध्ये लग्न होतं. ठेका सुरू झाला, मग आत्याचा आवाज, मग चंद्रीचं नाव. मी खिडकी लावायला उठलो आणि उठायचं नसतं हे आठवून परत बसलो. पाट जमिनीवर आडवा मांडला, कडेला हात लावला. चार मिनिटांनी, मी तोडलं होतं तिथेच, गाणं तुटलं. पुढचं मला येत नाही. मी हात तसाच ठेवून बसून राहिलो. चंद्री पाटावरच होती.